दुबार ओळ

सोमवार, ५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. पाच आठवडे नदीच्या काठाकाठाने उगमापासून मुखापर्यंत हिंडून, पायाला फोड आणि सोललेलं नाक घेऊन तुझी मुंगी घरी आली आणि स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहिली. किल्ली लागेना. कुलूपच नवं होतं. बेल वाजवली तर अप्पांनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं आणि फार अदबीने विचारलं, की आपल्याला कोण हवंय. मी आहे म्हटलं, तर म्हणाले की मुलगी बाहेरगावी गेली आहे, पुढच्या आठवड्यात या. मला हसू फुटलं आणि त्या हसण्यावरून त्यांना ओळख पटली. उन्हाने मी इतकी रापले आहे की त्यांचं फारसं काही चुकलं नाही.

कुलूप का बदललं ते त्यांना सांगता येईना. समोरच्या मावशींनी सांगितलं, की किल्ली हरवली म्हणून कुलूपवाला बोलावला, नवं कुलूप बसवलं, आणि मग जुनी किल्ली अप्पांच्याच सदऱ्याच्या खिशात निघाली. मावशींनी पाच आठवडे दोन्ही वेळचं जेवण अगदी वेळेवर आणून दिलं. त्यांच्यासाठी काय आणावं हे मला न सुचल्यामुळे मी काहीच आणलेलं नाही, आणि आता तोंड लपवते आहे.

आल्याआल्या दूध तापत ठेवलं आणि अप्पांना लक्ष ठेवायला सांगून हातपाय धुवायला गेले. परत येते तो काय, दूध सगळं शेगडीवर, आणि अप्पा समोरच उभे, बघत. कुठे गेले नव्हते, डुलकी लागली नव्हती. नुसते बघत होते. मी शेगडी पुसली आणि आम्ही दोघांनी बिनदुधाचा चहा घेतला.

पुस्तकाची पानं महिनाअखेर संपादकांकडे जायला हवीत. नियम तुला ठाऊकच आहे. अप्पांच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय माझं एक पानही घराबाहेर पडत नाही. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. आपल्या घरी वाण्याची यादीसुद्धा त्यांनी तपासल्याखेरीज वाण्याकडे गेली नाही. प्रवासात लिहिलेली पहिली दहा पानं सकाळी त्यांच्या हातात दिली. ती अजून मांडीवर तशीच आहेत.

तू माझ्यामागे पहिल्याच आठवड्यात दोन दिवस येऊन गेलीस, तेव्हा ते कसे होते गं? सहज विचारते आहे.

भाऊजींची बस पाचला सुटते आणि माझ्या पत्रासाठी ते एक मिनिट जास्त थांबत नाहीत. तुझे कान गेल्यापासून त्यांची बस हेच आपलं टपाल, म्हणून काही बोलताही येत नाही.

लोभ ठेव. माझ्या वाट्याचा थोडा अप्पांनाही दे.

तुझी,
मुंगी


मंगळवार, ६ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल भाऊजींनी जेवायच्या आधी दिलं आणि जेवण बाजूला राहिलं. तू सुखरूप आलीस, बरं वाटलं. नाकाला साय लाव. मावशींसाठी मी शिवलेल्या दोन पिशव्या याच बसने पाठवते आहे, तू आणल्यास असं सांग. तुझी अब्रू मी लहानपणापासून अशीच झाकत आले आहे.

आता तुझ्या सहज विचारण्याबद्दल. मी आले तेव्हा अप्पा अगदी टवटवीत होते. माझ्या हातचं खाऊन मीठ कमी आहे म्हणाले, माझ्या चष्म्याला नावं ठेवली, भाऊजींच्या बसच्या वेळापत्रकातल्या तीन चुका कागदावर लिहून दिल्या. पण त्यानंतर त्यांची मला दोन पत्रं आली. पहिलं ठीक होतं. दुसरं, गेल्या आठवड्यातलं, अर्ध्या वाक्यावर संपलं होतं. खाली सही आहे, तारीख आहे, पत्ता आहे, पण वाक्य पुरं नाही. आपल्या अप्पांचं वाक्य! ते पत्र मी चारदा वाचलं. तू घरी पोचेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

तू हसण्यावारी नेतेस तेव्हा मला जास्त भीती वाटते. शाळेत हात मोडला तेव्हाही तू हसतच घरी आली होतीस. काय आहे ते सरळ लिही. मला ऐकू येत नाही, वाचता येतं.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून खडसावते.

ताई


बुधवार, ७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पिशव्या मावशींना फार आवडल्या. मी आणल्या म्हणून माझं कौतुकही झालं. ते मी मुकाट्याने घेतलं.

सरळ लिहायला सांगतेस तर ऐक. काल माझ्या लिहायच्या खोलीत पाणी शिरलं. न्हाणीघरातला नळ सबंध दुपार उघडा राहिला. मी बँकेत गेले होते. परत आले तेव्हा पाणी उंबरा ओलांडून माझ्या टेबलाखाली पोचलं होतं, आणि टेबलाखाली होत्या वह्या. तीनपैकी दोन वाचल्या. तिसरी, नदीच्या मुखाजवळची, शाईची होती. तिची पानं आता निळसर ढगांसारखी दिसतात, वाचता येत नाहीत. मी ती सगळी दोरीवर चिमटे लावून वाळत घातली आहेत. त्या खोलीत वाकूनच फिरावं लागतं.

नळ मीच उघडा ठेवला असेन. प्रवासातून आलं की दोन दिवस डोकं जागेवर नसतं.

अप्पांना थंडी वाजते. मी पंखा लावून बसते आणि ते शालीत. सकाळी दहालाच पुन्हा झोपतात. पण तब्येत तशी बरी आहे, जेवतात, पानांवरही नजर फिरवली म्हणाले. मी अजून पाहिली नाहीत. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. तुझं शिवणाचं काम डोळ्यांचं आहे, रडून डोळे सुजवलेस तर शाळेतल्या निम्म्या पोरांचे गणवेश वाकडे होतील.

भाऊजी आलेत, खाली उभे आहेत. आज त्यांना घाई नाही असं दिसतं. पत्र बंद करते.

तुझी माया असू दे, तीच आत्ता पुरवून पुरवून वापरते आहे.

मुंगी


गुरुवार, ८ नोव्हेंबर

मुंगी,

आशीर्वाद नंतर लिहीन. आधी हे वाच.

काल दुपारी भाऊजी बस लावून उतरले तर अप्पा स्थानकाच्या बाकावर बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात एकच चप्पल, खिशाला पेन्सिल. भाऊजींना त्यांनी विचारलं, की आज छापखाना का उघडला नाही, सकाळपासून दार बंद आहे. छापखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली! त्या जागी आता चपलांचं दुकान आहे. भाऊजी त्यांचा हात धरून घरी घेऊन आले, तू त्यांना जिन्यातच गाठलंस आणि मला सांगू नका म्हणून हात जोडलेस. आणि वर तेच भाऊजी खाली उभे असताना मला लिहिलंस, की तब्येत तशी बरी आहे.

भाऊजींनी मला सगळं लिहून दिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला एवढं लांब काही लिहिलेलं नाही.

नळ तू उघडा ठेवला नव्हतास. तुला ते माहीत आहे.

मी रागावले आहे ते तू लपवलंस म्हणून, आणि त्याहून जास्त तू गेलीस म्हणून. तुझ्या नदीला कोणी पळवून नेत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शेजाऱ्यांच्या डब्यावर टाकून पाच आठवडे? मी त्या वेळी काही बोलले नाही. लग्न होऊन मी इकडे आले, अप्पा तुझ्या वाट्याला आले, म्हणून तोंड उघडायचा मला हक्क नाही असं वाटायचं. आता वाटत नाही.

मी ठरवलं आहे. मागची खोली रिकामी केली, यंत्र व्हरांड्यात हलवलं. रविवारी सकाळी मोटार घेऊन येते आणि अप्पांना कायमचं इकडे आणते. त्यांचे कपडे भरून ठेव. त्यांना आधी सांगायचं की नाही ते तू ठरव, पण रविवारी मला दारात नाटक नको आहे.

ताई


गुरुवार, ८ नोव्हेंबर, दुपार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भाऊजींच्या हातून घेतलं आणि जिन्यातच बसून वाचलं. तू लिहिलंस त्यातला एक शब्दही खोडायला जागा नाही.

मी लपवलं, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वाटलं. माझा धंदाच असा, की कागदावर आलं तेच खरं मानायचं.

आणखी एक कबूल करायचं आहे आणि ते तुझ्याखेरीज कुणाला लिहिता येणार नाही. तू त्यांना कायमचं नेतेस हे वाचल्यावर पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. उद्यापासून आपण सकाळी उठून नुसतं लिहायचं, नळ कुणी उघडा ठेवणार नाही, असं डोळ्यांपुढे आलं. मग वर गेले. अप्पा खिडकीत बसून नखाने टेबलावरचा डाग खरवडत होते. तो डाग नव्हता, लाकडाची गाठ होती. या टेबलाशी ते चाळीस वर्षं बसले आहेत. त्यांनी मला विचारलं, की थोरलीचं पत्र आलं का, तिच्या डोळ्यांना कसं आहे. ताई, त्यांना या घरातून उठवलं तर त्यांचं उरलंसुरलं ठिकाणही जाईल. इथे निदान हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो. तुझ्या घरात तो कुठे जाईल?

मी कपडे भरलेले नाहीत.

मात्र आज त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फार वेळ पाहिलं. अप्पांना विचारलं, की आज वार कोणता. अप्पांनी थोडा विचार करून उत्तर दिलं, की प्रश्नाचा रोख वारावर नसून माझ्यावर आहे. डॉक्टरीणबाई हसल्या, पण वार अप्पांना सांगता आला नाही. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा का दिसतो, थंडी कधीपासून वाजते, आवाज असाच जाड होता का, असं त्या एकामागून एक मलाच विचारत राहिल्या, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, कारण पाच आठवडे मी इथे नव्हते. रक्त घेतलं आहे. उद्या दुपारी कळेल. सगळी औषधं, बाटल्या, पाकिटं जशी आहेत तशी घेऊन यायला सांगितलं आहे.

रविवारपर्यंत थांब एवढंच मागते. मोटार आणायची की नाही ते उद्याच्या पत्रानंतर ठरव.

राग संपला की थोडी माझी आठवण कर.

मुंगी


शुक्रवार, ९ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सकाळच्या बसने तुझं पत्र नव्हतं. भाऊजींनी नुसती मान हलवली.

रक्ताचा निकाल आला. अप्पांच्या गळ्याच्या ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलं आहे. दोन वर्षांपूर्वी हेच निघालं होतं आणि तेव्हापासून एक गोळी रोज चालू आहे. ती बंद झाली की म्हाताऱ्या माणसाला थंडी, सूज, झोप, आणि डोकं असं धुकं भरल्यासारखं होऊ शकतं. डॉक्टरीणबाईंनी ती बाटली मागितली. मी पिशवीतून काढून दिली. शंभर गोळ्यांची, मी जायच्या आदल्या दिवशी आणलेली. त्यांनी झाकण उघडलं आणि आत मला दाखवलं. वरचा कापूस जागचा हललेला नव्हता.

पाच आठवड्यांत एकही गोळी नाही.

प्रवासाला निघेपर्यंत गोळ्या रोज मी त्यांच्या तळहातावर ठेवत होते; परत आल्यावर, आता यादी बघून त्यांचे ते घेतात, म्हणून तसंच चालू दिलं. कोणती कशासाठी हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. म्हणून जायच्या सकाळी मी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर यादी लिहून स्वयंपाकघरात टाचली. चार ओळी. औषधांची नावं बारीक असतात, वाचवत नाहीत, म्हणून रंग आणि वेळ लिहिली. पहिली ओळ, बारकी पांढरी गोळी, एक, उठल्याबरोबर. दुसरी ओळ, बारकी पांढरी गोळी, एक, न्याहारीनंतर. पहिली गळ्याची, दुसरी रक्तदाबाची. मग दुपारची गुलाबी आणि झोपतानाची पिवळी.

घरी येऊन भिंतीवरची यादी काढून पाहिली. आल्यापासून रोज तिच्यासमोर उभी राहून चहा करते आहे, पण वाचली नव्हती. आपण लिहिलेलं आपण कशाला वाचायचं? ताई, तिच्यावर तीनच ओळी आहेत. उठल्याबरोबरची ओळ नाही. आणि अक्षर माझं नाही. तुझं आहे.

मी आरोप करत नाही. काय झालं तेवढं लिही.

गोळी आजपासून सुरू केली आहे, आधी अर्धी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की सहा आठवडे लागतील. सगळं परत येईल का, असं मी विचारलं. पुष्कळसं यावं, म्हणाल्या; पण किती गोळीचं आणि किती वयाचं, ते तेव्हाच कळेल.

मुंगी


शनिवार, १० नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद, आणि गुरुवारचे राहिलेलेही.

तुझं पत्र वाचून मी भाऊजींना काही न सांगता व्हरांड्यात जाऊन बसले. ते विचारत असतील, मला ऐकू आलं नाही. कधी नव्हे ते बहिरेपणाचं बरं वाटलं.

अक्षर माझंच आहे. मी आले त्या दिवशी तुझी यादी भिंतीवर होती आणि तिच्यावर अप्पांची पेन्सिल फिरलेली होती. तू घाईत लिहिलेलं, दोन ठिकाणी अक्षर दुरुस्त केलं होतं. आणि पहिली ओळ सबंध खोडून समासात त्यांची ती शेपटीसारखी खूण काढली होती आणि लिहिलं होतं, दुबार. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना एकच ओळ दोनदा पडायची, तेव्हा ते हीच खूण करायचे. लागोपाठ दोन ओळींत बारकी पांढरी गोळी, एक. त्यांनी ती तुझी घाई मानली, पुढची ओळ जास्त नेमकी म्हणून ती ठेवली आणि मागची काढली.

मला ती यादी गचाळ दिसली. म्हणून मी नव्या पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात उतरून काढली, त्यांच्या सगळ्या खुणा पाळून, आणि जुनी फाडून चुलीत घातली. मला वाटलं, मी तुझ्यामागे घर नीट लावून दिलं. एकदाही मनात आलं नाही, की तुला विचारावं, मावशींना विचारावं, निदान गोळ्यांशी ताडून पाहावं. बाटली त्याच फळीवर होती, मी तिच्यावरची धूळ पुसली. अप्पांनी खूण केली होती ना? मग बरोबरच असणार. आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांची प्रुफं स्वच्छ उतरून काढत आले, त्यांच्या खुणेवर बोट ठेवायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नाही.

तू गेलीस म्हणून त्यांचं हे झालं असं मी तुला लिहिलं. ते पत्र परत पाठव. नको, ठेव. मी लिहिलं आहे तर ते असू दे.

मोटारीचं काय करू ते मला कळत नाही. खोली रिकामीच आहे. ती गोळी सुरू झाली म्हणून मी निश्चिंत नाही, हे स्पष्ट लिहिते. सहा आठवड्यांत पुन्हा एकदा ते स्थानकावर जाऊन बसले आणि त्या वेळी भाऊजी नसले तर? तू चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणार आहेस का? आणि बसलीस तर तुझं पुस्तक कोण लिहिणार? मी तुझ्याशी भांडत नाही. मी घाबरले आहे.

अप्पांना हे सांगितलंस का? त्यांना कळायला हवं असं मला वाटतं. त्यांच्याबद्दल आपण दोघी पत्रांतून ठरवतो आहोत आणि ते शेजारच्या खोलीत बसले आहेत.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तसं लिही, मी तो भरून काढीन.

तुझी,
ताई


रविवार, ११ नोव्हेंबर

चि. थोरली आणि चि. मुंगी यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत वेळ लागला आहे. मध्येच शब्द निसटतात. निसटले की मी थांबतो आणि ते परत येईपर्यंत खिडकीबाहेर बघतो. मुंगीला मदत करायची होती, मी तिला खोलीबाहेर घालवलं.

तिने मला सर्व सांगितलं. सांगताना तिने चूक स्वतःच्या अंगावर घेतली, थोरलीने पत्रात ती आपल्या अंगावर घेतली. दोघींची वाटणी मला मंजूर नाही. मूळ प्रतीत ओळ बरोबर होती. ती मी काढली. प्रूफ तपासणाऱ्याने अर्थ न विचारता ओळ काढायची नसते, मी ती काढली, कारण मुंगी घाईत लिहिते हे मला माहीत होतं आणि माहीत आहे असं वाटलं की माणूस बघत नाही. हा हुद्द्याचा गर्व. एकतीस वर्षांत मी आणखी किती ओळी अशा काढल्या असतील, ते आता कुणाला विचारू?

डोकं ठिकाणावर नाही हे मला मुंगी यायच्या आधीच कळलं होतं. एकदा घराचा जिना चढताना कोणत्या मजल्यावर थांबायचं ते आठवेना. मी कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर मुंगी नदी अर्धी टाकून परत आली असती. लपवण्याचा गुण तिने कुठून घेतला, ते तुम्हाला कळलं असेल.

आता माझ्या राहण्याचं. खोली रिकामी केलीस, थोरले, तुझे उपकार. आज मोटार आणली नाहीस ते बरं केलंस, पुढेही आणू नकोस. माझी इच्छा इथे राहण्याची आहे, पण नुसत्या इच्छेवर दोन मुलींचा जीव टांगून ठेवता येत नाही. म्हणून असं करा. सहा आठवड्यांनी मुंगीच्या पुस्तकातलं एक पान थोरलीने घ्यावं आणि त्यात दहा चुका पेराव्यात. मुंगीने पेरायच्या नाहीत, तिला दया येते. सोप्या पेरू नयेत. त्यांत एक खरी दुबार ओळ असावी. शिवाय, दहांत न धरता, दोन ओळी अशा घालाव्यात ज्या दुबार दिसतील पण दोन्ही लागतील. मी एका बैठकीत, कुणाच्या मदतीशिवाय पान तपासीन. सातपेक्षा कमी सापडल्या तर मी मुकाट्याने थोरलीकडे येईन आणि तिथल्या जेवणाला नावं ठेवणार नाही. सात किंवा जास्त सापडल्या तर इथेच राहीन, आणि मग थोरलीने वर्षभर हा विषय काढायचा नाही. तोवर मी एकटा जिना उतरणार नाही, हा शब्द देतो.

माझ्या मनात पुढे काही वेगळं आलं आणि मी हट्ट धरला तर माझं ऐकू नका, हे पत्र धरा.

दोघींनी एकमेकींना सांभाळा. माझं प्रेम दोघींना सारखंच आहे. थोरली म्हणते तसं मुंगीला जास्त नाही.

तुमचे,
अप्पा


शनिवार, २२ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट भाऊजींनी दुपारी दिलं. चिकटवून, वर दोरा घालून शिवलेलं. माझ्यावर एवढाही विश्वास नाही म्हणून मी रुसले असते, पण खरं म्हणजे मी ते उजेडात धरून पाहिलंच होतं.

या सहा आठवड्यांतलं मी तुला रोज कळवत आले आहे, तेव्हा नवीन एवढंच, की आज सकाळी त्यांनी शाल घेतली नाही. पाकीट त्यांनी स्वतः फोडलं, दोरा ओढून काढताना तुझ्या शिवणीला नावं ठेवली, पेन्सिलीला टोक केलं आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात बसले. तिथून पेन्सिलीचा आवाज येतो. चालायची, थांबायची. एकदा इतका वेळ थांबली की मी उठून उभी राहिले आणि परत बसले. पाऊण तास गेला.

मग त्यांनी हाक मारून पान माझ्या हातात दिलं आणि तू पेरलेल्या चुकांची यादी काढायला सांगितली. दुसऱ्या पाकिटातली. मी एकेक ताडून पाहिली.

सात सापडल्या, ताई. बरोबर सात. खरी दुबार ओळ सापडली. तीन निसटल्या, त्यांतली एक तर शीर्षकातच होती.

आणि त्या दोन ओळी, सकाळच्या नावेत बारा माणसं आणि संध्याकाळच्या नावेत बारा माणसं. त्यांच्यापाशी कागदाला पेन्सिलीचा बारीक ठिपका पडला आहे, म्हणजे टोक टेकवून ते तिथे बराच वेळ थांबले असणार. त्यांनी खोडलं नाही. समासात लिहिलं आहे, लेखिकेला विचारा. त्यांच्या हातचा हा शेरा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मान वर करून त्यांनी मला विचारलं, की दोन्ही ओळी लागतात का. मी हो म्हटलं. बरं, म्हणाले.

तेव्हा ते इथे राहणार. तू वर्षभर विषय काढायचा नाहीस.

पण ते खूश नाहीत. मी डोळे पुसत होते तर मला म्हणाले, की दहांत सात म्हणजे घरात राहण्यापुरते गुण झाले, पुस्तक छापण्यापुरते नाहीत. ज्याच्या नजरेतून शीर्षकातली चूक सुटते त्याच्या हाती तुझी पानं द्यायची नाहीत. मी पुष्कळ सांगून पाहिलं, आणखी महिनाभर थांबू म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी गोळी आणखी वाढवायची म्हटलं आहे याची आठवण दिली. ऐकले नाहीत. माझी दहा पानं, सहा आठवडे त्यांच्याकडे पडलेली, नीट चौकोनी जुळवून त्यांनी मला परत दिली. एकाही पानावर खूण नव्हती. मग झोपाळलेल्या डोळ्यांनी नव्हे, चांगले जागे राहून, ते खिडकीशी जाऊन बसले आणि तिथून पाठ माझ्याकडे करून म्हणाले, की थोरलीचे कान गेले, डोळे नाहीत.

म्हणून या पत्रासोबत शेवटचं प्रकरण आधी पाठवते आहे. संपादकांनी मला जानेवारीपर्यंत सवलत दिली आहे. ढग झालेल्या वहीतलं मला जेवढं आठवलं तेवढंच त्यात आहे, त्यामुळे नदीचं मुख जरा ओबडधोबड झालं आहे. पेन्सिल अप्पांनी दिली नाही, तुझी तू घे. खुणा कर, मला राग येणार नाही. फक्त यावर कुणाचंही अक्षर असो, माझं, अप्पांचं, खुद्द संपादकांचं, जिथे अडशील तिथे खोडू नकोस आणि उतरूनही काढू नकोस. विचार. मी रोज पाचला जिन्यात असते.

लोभ आहे हे आता ताडून पाहायची गरज नाही, तरी पुढच्या पत्रात लिहीत जा.

तुझी,
मुंगी